पाठीवरचं ठिगळ

माझ्या दादाला फायर स्टेशनात सगळे टेकू म्हणतात. हे नाव कुणी चिडवायला ठेवलेलं नाही, ते कामावरून पडलं. भिंत कलायला लागली की तिला तिरका वासा लावतात, तो टेकू. दादाचं काम तेच. फक्त भिंतीच्या जागी माणूस असतो, आणि गेली कित्येक वर्षं तो माणूस म्हणजे माझा नवरा.

ज्यांनी आग फक्त लांबून पाहिली आहे त्यांना वाटतं, पाइप धरणं म्हणजे बागेतल्या झाडांना पाणी घालणं. मलाही लग्नाआधी तसंच वाटायचं. पण बंबाचा पंप सुरू झाला आणि पाइपच्या टोकाचं पितळी नोझल उघडलं की पाणी जेवढ्या जोरानं पुढे सुटतं, तेवढ्याच जोरानं ते नोझलला मागे रेटतं. नोझलला म्हणजे अर्थातच ते धरणाऱ्याला. एखादा धष्टपुष्ट माणूस तुमच्या छातीवर रेलून उभा आहे आणि हलायचं नाव घेत नाही, असा तो रेटा असतो. म्हणून मोठ्या पाइपवर दोन माणसं लागतात. पुढचा नेम धरतो. मागचा पुढच्याच्या पाठीला खांदा लावतो, पाय रोवतो आणि पुढे झुकून उभा राहतो. रेटा दोघांनी निम्मा निम्मा घ्यायचा, असा नियम आहे आणि तो शिकाऊ माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात.

नवऱ्याला स्टेशनात पुढारी म्हणतात. तेही कामावरूनच पडलेलं नाव, पण त्याला ते शोभतं. उंच, रुंद, मिशा राखलेला, कॅमेरा दिसला की हनुवटी आपोआप वर. आग कुठेही लागो, फोटो त्याचाच येतो. आमच्या बाहेरच्या खोलीत असे तीन फोटो फ्रेम करून लावले आहेत. त्यातल्या एकात दादाचं कोपर आलंय. बाकी दोन्हीत पाण्याचा फवारा, धूर, माझा नवरा आणि त्याच्या मागे थोडासा काळोख. तो काळोख म्हणजे दादा.

याचं दादाला काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर त्याला कशाचंच काही वाटत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तो वरच्या खोलीत आईबरोबर राहतो, जेवायला खाली आमच्याकडे येतो, ताट स्वतः धुतो, आणि टीव्हीवर काय लावायचं ते कधी सांगत नाही. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, बघू. बघता बघता केस पिकले. नवऱ्याचं आणि माझं वाजलं की तो जिन्यात बसून राहायचा आणि आवाज खाली आला की चहा मागायला यायचा. त्याच्यासाठी चहा ठेवायचा म्हणजे नवऱ्यासाठीही ठेवणं आलं. भांडण तिथंच मिटायचं.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. एक खोली, दोन यंत्रं, कापायचं लांब टेबल आणि चाकांचं एक स्टूल. स्टेशनचे गणवेश दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, कारण तो जाड कोट इतर कुणाच्या यंत्राखाली जात नाही. कोट कुठे फाटतो यावरून माणूस कसं काम करतो ते मला कळतं. पंपवाल्याच्या बाह्या मनगटाशी झिजतात. शिडीवाल्याचे गुडघे जातात. नवऱ्याचा कोट पाठीवर झिजतो, उजव्या खांद्याच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत. दादाचा डाव्या खांद्यावर. दरवर्षी मी दोन्हीकडे ठिगळं लावते. दादाच्या खांद्यावर जाड, कारण तिथं आतलं अस्तरसुद्धा उरत नाही. नवऱ्याला मी एकदा विचारलं होतं, पाठीवर एवढं कशानं जातं? तो म्हणाला, बसून बसून जात असेल. बंबात पाठ टेकून बसतो म्हणे.

तर असं सगळं ठीक चाललेलं असताना आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दादानं दोन दिवसांची रजा काढली. कधी नाही ती काढली. आणि नेमकी त्याच दुपारी गाद्यांच्या एका गोदामाला आग लागली.

नवऱ्याच्या मागे दुसऱ्या पाळीतला एक जण उभा राहिला. चांगला अनुभवी माणूस, चार मुलांचा बाप, कामाला वाघ. गोदामाला बाहेरून लोखंडी जिना होता. दोघं पाइप घेऊन वरच्या सज्ज्यावर चढले. नवऱ्यानं नोझल खिडकीकडे धरलं आणि लीव्हर एका झटक्यात पूर्ण उघडला, रोज उघडतो तसा. पुढच्या क्षणी दोघेही जिन्यावरून खाली आले, पाठीवर. मागच्याचा गुडघा खरचटला. नवऱ्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. नोझल हातातून सुटलं आणि पाइप सापासारखा वळवळत सुटला, तो पंपवाल्यानं धावत येऊन पाणी बंद केलं तेव्हा थांबला. आग दुसऱ्या तुकडीनं विझवली.

हॉस्पिटलात नवरा एकच वाक्य घोकत होता. "त्यानं अंग चोरलं."

स्टेशनच्या साहेबांनी चौकशी केली. त्या माणसाला बोलावलं, पंपवाल्याला बोलावलं, पाइप तपासला, पंपाच्या प्रेशरचा काटा तपासला. सगळं ठाकठीक. तो माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, मी नेहमी घेतो तेवढा निम्मा भार घेतला होता. पुढारीच फोटोला उभं राहिल्यासारखे उभे होते. पाय जवळ, छाती पुढे. असं कुणी उभं राहतं का?"

साहेब शहाणा माणूस. त्यांनी कुणावर खापर फोडलं नाही. पण एक ठरवून टाकलं. खांदा बरा झाला की पुढारीनं कामावर यायचं, मात्र नोझल हातात मिळण्याआधी एक परीक्षा. मधल्या मापाचा पाइप, जो एकट्याला पेलतो, तो ओल्या फरशीवर एकट्यानं धरायचा. मागे कुणी नाही. साहेब थांब म्हणेपर्यंत भिंतीवर रंगवलेल्या गोलातून फवारा हलता कामा नये. जमलं तर पुढची जागा परत. नाही जमलं तर टेलिफोनच्या टेबलावर बसायचं, निवृत्त होईपर्यंत.

टेलिफोनचं टेबल म्हणजे काय ते मला माहीत होतं. स्टेशनच्या कोपऱ्यातली बिनखिडकीची जागा. माझा नवरा तिथं बसला असता तर वर्षभरात वाळून गेला असता. हे मी त्याच्यावरच्या प्रेमानं सांगते आहे, कौतुकानं नाही. आगीपुढे उभं राहण्यापलीकडे त्याला काही येत नाही. साधा पंखा दुरुस्त करता येत नाही. पण ते एक त्याला येतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

खांदा बरा झाला. सकाळी ड्यूटी सुरू होण्याआधी दोघं मेहुणे स्टेशनमागच्या फरसबंद आवारात सराव करायला लागले. एकदा मी शिवलेले गणवेश द्यायला गेले आणि भिंतीपाशी थांबून बघितलं. नवऱ्यानं लीव्हर उघडला आणि एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. फवारा गोलातून निघून थेट छपराच्या पन्हळीवर.

"प्रेशर कमी कर," तो पंपवाल्यावर ओरडला.

"काटा बघा की येऊन," पंपवाला म्हणाला. "आहे तेवढंच आहे."

"मी हा एका हातानं धरत होतो. याच्या दुप्पट मोठा धरत होतो."

"धरत होता खरं," पंपवाला म्हणाला आणि दादाकडे बघायला लागला. दादा बुटांकडे बघायला लागला.

नवऱ्यानं पुन्हा उघडला. पुन्हा मागे. दर वेळी तो ताठ उभा राहायचा, हनुवटी वर करून, आणि दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य. आपल्याला कोण ढकलतंय, हेच जणू त्याला कळत नव्हतं. घरी आल्यावर तो खांद्याला दोष द्यायचा, बुटांना द्यायचा, त्या दुसऱ्या पाळीतल्या बिचाऱ्याला तर उठता बसता. जेवण कमी झालं. बाहेरच्या खोलीत बसायचा तो फोटोंकडे पाठ करून.

परीक्षा जवळ आली तशी एका संध्याकाळी दादा दुकानात आला. तो दुकानात सहसा येत नाही. टेबलाच्या कडेला उभा राहिला, खडूचा तुकडा उचलला, ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं. मी स्टुलावर बसून कापड सरळ करत होते आणि टेबल जरा भिंतीकडे सरकवायचं होतं. बसल्या बसल्या दोन्ही हातांनी टेबल ढकललं. टेबल जागचं हललं नाही. मीच स्टुलासकट मागे घरंगळत कपाटावर आदळले.

दादा हसला. मग त्याचं हसू गेलं. "बघ," तो म्हणाला, "ढकललंस टेबलाला आणि गेलीस तू."

"मला चाकं आहेत म्हणून. पाय टेकवले असते तर नसते गेले."

"हां. तू पडलीस ना एकदा अशी, म्हणून तुला माहीत आहे पाय टेकवायचे. त्याला माहीतच नाही."

"कुणाला?"

त्यानं खडू पुन्हा उचलला आणि म्हणाला, "मी निम्मा घेत नव्हतो."

मला वाटलं, आता हा म्हणणार की अंग चोरत होतो.

"सगळा घेत होतो," दादा म्हणाला. "तो उघडायच्या आधी उजवा खांदा थोडा उचलतो. त्याला ठाऊक नाही, पण मला कळतं. तेवढ्यात मी आधीच रेटून उभा राहायचो. रेटा यायचा तो त्याच्यातून सरळ माझ्यात. त्याला इतक्या वर्षांत कळलंच नाही की पाणी मागे ढकलतं. नोझल हलकं असतं असं समजतो तो."

"कधीपासून?"

"तुझं लग्न झालं तेव्हापासून. त्याआधी निम्माच घ्यायचो, सगळ्यांसारखा. लग्नानंतरची पहिली आग होती, लाकडाच्या वखारीची. मागे उभा राहिलो आणि डोक्यात आलं, हा पडला तर घरी जाऊन हिला काय सांगू. त्या दिवशी सगळा घेतला. मग तीच सवय लागली."

मी कात्री खाली ठेवली. मला रडू आलं आणि रागही आला, आणि माझं नेहमीच असं होतं की दोन्हीतून बाहेर रागच पडतो. "मी सांगितलं होतं का तुला तसं करायला?"

"नाही."

"त्यानं सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कशाला हा शहाणपणा? हाड मोडलं ना त्याचं शेवटी. तुझ्यामुळे मोडलं."

"तेच सांगायला आलोय," दादा म्हणाला.

मग मला फार वाईट वाटलं. माझा भाऊ पन्नाशी ओलांडलेला, कंबरेला पट्टा बांधून कामावर जाणारा माणूस. तो पट्टा मी कितीदा शिवून दिला आणि कंबर का दुखते ते एकदाही विचारलं नाही, कारण तो सांगणार नव्हता. मी त्याला बसायला स्टूल दिलं आणि म्हटलं, "जाऊन सांग त्याला हे सगळं."

"मला नाही जमणार. तोंडावर कसं सांगू? फोटो लावलेत त्यानं."

आमच्या घरात तोंडावर सांगायचं काम माझंच असतं. मी दोघांचे जुने कोट काढले, जे टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून कपाटाच्या वर ठेवलेले होते, आणि घरी नेले. जेवणं झाल्यावर नवऱ्यापुढे जमिनीवर पसरले. त्याचा पालथा, दादाचा सुलटा. मग दादाच्या कोटाचा डावा खांदा उचलून त्याच्या कोटाच्या पाठीवर ठेवला. ठिगळावर ठिगळ बसलं.

"अहो, हे बंबात बसून झिजलेलं नाही," मी म्हटलं. आणि दादानं सांगितलं ते सगळं सांगितलं, माझ्या पद्धतीनं, म्हणजे थोडं मीठ लावून.

नवरा भांडेल असं वाटलं होतं. त्यानं दादाच्या खांद्यावरच्या ठिगळात बोट घातलं, शिवण कुठे उसवली आहे ते बघितलं, कोट घडी करून माझ्या हातात दिला आणि झोपायला गेला. फोटोही तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशीचं मला पंपवाल्याकडून कळलं. आवारात मोठा पाइप अंथरला होता. नवरा दादाला म्हणाला, "तू पुढे हो."

"मला नेम धरता येत नाही," दादा म्हणाला.

"नको धरूस. नुसता उघड. मी मागे उभा राहतो."

दादानं उघडला. फवारा गोलाला शिवलाही नाही, थेट साहेबांच्या खोलीच्या खिडकीतून आत गेला आणि साहेबांचा चहा, टेबल आणि साहेब असे तिघेही भिजले. पण मागे माझा नवरा दादाच्या पाठीला खांदा लावून उभा होता, आणि पंपवाला सांगतो की त्याचे बूट फरशीवर घासत घासत मागे जात होते आणि तो दात ओठ खात होता. पाणी बंद झालं तेव्हा तो वाकून, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होता. एवढंच म्हणाला, "रोज?"

"रोज नाही," दादा म्हणाला. "आग लागेल तेव्हा."

त्यानंतर सरावाची तऱ्हाच बदलली. नवरा मिशीला पीळ देणं विसरला. पाय फाकवून, पुढचा गुडघा वाकवून, पाण्यावर अंग झोकून दिल्यासारखा उभा राहायला लागला. लीव्हर झटक्यात उघडणं बंद, बोटाबोटानं उघडायचा. दिसायला अगदी वाईट दिसायचं. असा फोटो कुणी काढला नसता. दादा बाजूला उभा राहून सांगायचा, अजून खाली, अजून खाली.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम गणवेशांचं गाठोडं घेऊन गेले. एरवी कुणालातरी पाठवते. आवारात पाणी मारून फरशी ओली केली होती. स्टेशनातले सगळे भिंतीला लागून उभे होते, दुसऱ्या पाळीतला तो माणूससुद्धा. साहेबांनी ताकीद दिली, "कुणी हात लावायचा नाही. टेकू, तू विशेषतः."

दादा हात पाठीमागे बांधून नवऱ्यापासून चार हात मागे, बाजूला उभा राहिला. नवरा खाली वाकला. पाइपमध्ये पाणी भरलं, पाइप फुगून कडक झाला. नवऱ्याचा उजवा खांदा किंचित वर गेला. दादा म्हणाला तस्साच.

लीव्हर उघडला. फवारा सुटला आणि गोलाच्या मधोमध लागला. नवऱ्याचं अंग हादरलं, मागचा बूट बोटभर घसरला आणि रोवला गेला. तो हलला नाही.

दादा मात्र पडला.

खांदा उचललेला दिसताच त्याच्या अंगानं आपलं नेहमीचं केलं होतं. गुडघा वाकला, डावा खांदा पुढे गेला, सगळा भार पुढे टाकला, आणि समोर काहीच आलं नाही. ना पाठ, ना रेटा. तो ओल्या फरशीवर अक्षरशः तोंडावर पडला. सगळे हसले. पंपवाला तर पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. दादा पाण्यात बसून आपल्या तळहातांकडे बघत होता, त्याचं काहीतरी हरवलं असावं तसं. मला आजवर वाटायचं की तो रेटा दादा नुसता सोसत होता. पण तो रेटा त्यालाही धरून होता. तेवढ्या भरवशावर तो एवढा पुढे झुकू शकत होता, आणि इतकी वर्षं पडला नव्हता.

नवऱ्याला हे दिसलं असणार, डोळ्याच्या कोपऱ्यातून. पण फवारा गोलातून तसूभर हलला नाही. साहेबांनी बराच वेळ घेतला. मला वाटतं, भिजलेल्या टेबलाचा हिशेब त्यांनी तिथं चुकता केला. शेवटी ते म्हणाले, "थांब."

नवऱ्यानं लीव्हर बोटाबोटानं बंद केला. नोझल फरशीवर ठेवलं. कुणी पाठ थोपटायला येत होतं त्याला बाजूला सारून तो दादापाशी गेला आणि हात पुढे केला. दादानं हात धरला, आणि त्याला ओढून उठवताना माझा नवरा मागे झुकला, पाय रोवून. आता त्याला ते येत होतं.

"पुढच्या खेपेपासून निम्मा माझा," नवरा म्हणाला.

"निम्मा?"

"निम्माच. तुला काम नको का?"

मग तो त्या दुसऱ्या पाळीतल्या माणसाकडे गेला आणि त्याच्याशी काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी घरी विचारलंही नाही. त्या माणसानं मात्र नंतर दुकानात येऊन गुडघ्यावर फाटलेली पँट शिवून घेतली, आणि पैसे पुढारी देतील म्हणाला. दिले त्यानं.

आता मोठ्या पाइपवर ते दोघं जागा बदलतात. कधी हा पुढे, कधी तो. दादाचा नेम अजूनही वाईट आहे, पण वर्तमानपत्रात त्याचा एक फोटो आला. डोळे मिटलेले आहेत. आईनं तो नव्या डोळ्यांनी खूप वेळ बघितला आणि म्हणाली, मागे तो काळोख कसला दिसतोय? मी म्हटलं, तो तुझा जावई.

कोट अजून माझ्याकडेच येतात. पूर्वी एकाची पाठ झिजायची आणि एकाचा खांदा. आता दोघांची पाठ झिजते आणि दोघांचा खांदाही. दोनाची चार ठिगळं झाली. काम वाढलं ते माझंच.